चोक ओढल्यावर शांत होते का?

माणसाची किंमत जन्मावरून नव्हे, त्याच्या कामावरून ठरते. हे वाक्य मी अंबरनाथला आमच्या विहारापुढच्या मांडवात लागोपाठ नऊ वर्षं, दर जयंतीला, माइकवरून म्हटलं आहे. ‘जन्मावरून नव्हे’च्या पुढे किती थांबायचं हे मला पाठ झालं होतं. टाळ्या ‘ठरते’वर पडत. एका वर्षी ऐन वाक्याला वीज गेली, माइक बंद पडला आणि मागच्या रांगांना काहीच ऐकू गेलं नाही. टाळ्या तरीही पडल्या. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

वाक्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. ते ज्या तोंडातून बाहेर पडत होतं, त्याची ही हकिकत आहे.

मी तेव्हा अंबरनाथच्याच एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. इतरांनी बनवलेल्या वस्तूंना दिवसभर गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचं आणि बसलं नाही तर लाल ठिपका द्यायचा, हे माझं काम. वीस वर्षं लाल ठिपके देणाऱ्याला हळूहळू असं वाटायला लागतं की आपण स्वतः पास आहोत. विहाराभोवतीच्या वस्तीत वाढलो, नोकरी लागली, मग बदलापूर पूर्वेला शिरगावात फ्लॅट घेतला. वस्ती सुटली, विहार मी सोडला नाही. शिरगावच्या सोसायटीत मी ‘तीनशे चार’ होतो. विहारात मी ‘सर’ होतो आणि कमिटीचा सल्लागारही.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी गाडी घेतली. पांढरी, छोटी, अकरा वर्षं चाललेली, कल्याणच्या एका बँकेतल्या गृहस्थांनी वापरलेली. इंजिन कार्ब्युरेटरवालं, म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला पाजणारं ते जुन्या पद्धतीचं भांडं त्यात होतं. गृहस्थांनी किल्ली देताना सांगितलं, “एकही पार्ट बदललेला नाही, सगळं ओरिजिनल.” ते इस्त्रीच्या सफारीत होते, त्यामुळे मी विश्वास ठेवला.

गाडी तपासायला मी उल्हासनगरच्या कॅम्प दोन भागात गेलो. तिथे आमच्या वस्तीतला एक मेकॅनिक बसायचा. तिशीचा, आयटीआय झालेला, हाताला हलका. बसायचा म्हणजे अक्षरशः बसायचा. एका सिंधी शेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानापुढे रस्त्याच्या कडेला त्याची जागा, वर दुकानाच्या पाटीला बांधलेली ताडपत्री. हत्यारांची पेटी रोज सकाळी दुकानातून बाहेर निघायची आणि संध्याकाळी परत आत जायची. पावसाळ्यात तो बॉनेटखाली वाकला की पाठ भिजायची आणि इंजिन कोरडं राहायचं.

“जयभीम, सर,” तो म्हणाला आणि हात पुसून उभा राहिला. कार्ब्युरेटर खोलून, पेट्रोलनं धुऊन, परत बसवायला त्याला दोन तास लागले. मग त्यानं ‘स्लो’ लावला. पाय काढल्यावर, गाडी उभी असताना इंजिन स्वतःच्या बळावर ज्या वेगानं फिरत राहतं, त्याला तिथले लोक स्लो म्हणतात. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी. शेठनं पाठवलेला चहाचा ग्लास त्यानं चालू इंजिनावर, एअर फिल्टरच्या झाकणावर ठेवला. चहावर साय धरली होती, ती हलली नाही.

“बघा सर,” तो म्हणाला. एवढंच.

निघताना त्यानं एका चिठ्ठीवर काय काय केलं ते लिहून दिलं. मी न वाचता खिशात घातली. घरी गेल्यावर फाईलला लावली. मी सगळं फाईलला लावतो.

त्याच दिवसांत विहाराच्या कमिटीनं वर्गणीतून एक जुनी अँब्युलन्स घेतली होती. विहाराच्या मागे पत्र्याची मोठी शेड होती, अँब्युलन्स तिथे उभी राहणार होती. असं बोलणं झालं होतं की जो मेकॅनिक तिची देखभाल बघेल त्याला शेडचा उरलेला अर्धा भाग स्वतःच्या कामासाठी वापरू द्यायचा. त्या अर्ध्या शेडवर आमच्या मेकॅनिकचा डोळा होता आणि ते सगळ्यांना माहीत होतं. त्याला छप्पर हवं होतं. त्याची आई नगरपालिकेतून झाडूवाली म्हणून रिटायर झालेली, आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. ती विहारात पहिल्या रांगेत बसायची आणि वंदना झाली की कमिटीच्या एकेकाला विचारायची, “शेडचं कधी ठरवताय रं बाळांनो?”

जयंतीच्या मिरवणुकीत त्या वर्षी माझी गाडी सर्वांत पुढे होती. बॉनेटवर फुलांनी मढवलेली मोठी तसबीर, दोन्ही बाजूंना झेंडे. मी गाडी चालवत होतो आणि माणसं माझ्या दिशेनं हात जोडत होती. ती तसबिरीला हात जोडत होती हे मला माहीत होतं, पण काचेच्या आतून फरक चटकन लक्षात येत नाही.

त्यानंतर आठवड्याभरात गाडी बिघडली. रस्त्यानं नीट चालायची. थांबली की तिचं सुरू व्हायचं. आवाज वर जायचा, खाली यायचा, परत वर, मग एकदम तळाला जाऊन विझायचा. बायको म्हणाली, “जिना चढून आलेल्या बाईसारखी करतेय.” कारखान्याच्या गेटसमोर सलग दोन दिवस बंद पडली. वॉचमननं ढकलली. तिसऱ्या दिवशी तो मला लांबून बघूनच बाह्या वर करायला लागला.

सकाळी गार असताना चोक ओढून सुरू केली की मात्र ती शहाण्यासारखी वागायची. चोक म्हणजे इंजिन गार असताना पेट्रोल जरा जास्त देणारा तो डॅशबोर्डखालचा खुंटा. मी तो आत ढकलला की परत दम लागायचा. हे मी रोज बघत होतो आणि त्याचा अर्थ काढायचं मला एकदाही सुचलं नाही.

कॅम्प दोनला जायला हवं होतं. मी गेलो बदलापुरातल्या एका नव्या गॅरेजात, कारण तिथे फरशी होती. काचेची केबिन होती, केबिनमध्ये टाय लावलेला मॅनेजर होता. बदलापुरात मे महिन्यात टाय लावणाऱ्या माणसाकडे काहीतरी विशेष ज्ञान असणार, असं मला वाटलं. त्यांनी गाडी आत नेली, अर्ध्या तासानं बाहेर आणली. मॅनेजर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “सर, तुमचा कार्ब्युरेटर ओरिजिनल नाहीये.”

“म्हणजे?”

“लोकल आहे. उल्हासनगरचा माल. शेवटचा कुणी खोलला होता?”

मी सांगितलं. त्यानं फक्त मान हलवली. ती मान मला पुरेशी होती. उल्हासनगरात काहीही बनतं आणि त्यावर कुठल्याही देशाचं नाव छापता येतं, असे विनोद करत आम्ही सगळेच मोठे झालो होतो. बँकेतल्या गृहस्थांनी सगळं ओरिजिनल दिलं होतं. मध्ये फक्त एका माणसाचा हात लागला होता. दोन तास मी शेठच्या दुकानात पंख्याखाली बसलो होतो आणि तो बाहेर माझं इंजिन खोलून बसला होता. मी गेज लावलं. बसलं नाही. लाल ठिपका.

गॅरेजवाल्यांनी तात्पुरता इलाज म्हणून स्लोचा स्क्रू पिळून वेग वाढवून दिला. आता गाडी बंद पडेना, पण उभी असतानाही ती निघायच्या घाईत असल्यासारखी गुरगुरायची. तशा गुरगुरत्या गाडीतून मी कॅम्प दोनला गेलो.

शनिवार होता, गल्ली भरलेली. दोन रिक्षावाले नंबर लावून उभे. शेठ दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत होता.

“जयभीम, सर,” मेकॅनिक म्हणाला.

मी उत्तर दिलं नाही. “माझा कार्ब्युरेटर कुठे आहे?”

तो गोंधळला. “गाडीत आहे ना, सर.”

“गाडीत आहे तो उल्हासनगरचा आहे. माझा कुठे आहे?”

शेठनं पेपर खाली केला. “साईं, उल्हासनगर का है तो क्या हुआ? उल्हासनगर में आदमी लोग नहीं रहते क्या?” एक रिक्षावाला हसला. त्या हसण्यानं मी आणखी चढलो.

“सर, तो आधीपासूनच लोकल होता,” मेकॅनिक म्हणाला. “मी तुम्हाला चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. चांगला होता म्हणून राहू दिला.”

“आता चिठ्ठीची गोष्ट काढतोयस?”

“काय होतंय गाडीला?”

“काय होतंय ते तुला माहिती आहे.”

त्यानं क्षणभर गाडीचा आवाज ऐकला. इंजिन मी बंद केलं नव्हतं. “सर, चोक ओढल्यावर शांत होते का?”

“विषय बदलू नकोस.”

“विषय तोच आहे, सर. एकदा बॉनेट उघडू तर द्या.” तो पुढे झाला. मी बॉनेटवर हात ठेवला. जोरात ठेवला, कारण बोटाला पत्र्याचा चटका बसला ते अजून आठवतं. “आणखी काय काढायचं राहिलंय?” मी म्हणालो. हे मी मोठ्यानं म्हणालो. मला माइकशिवाय लांबवर ऐकू जाईल असं बोलायची सवय आहे.

तो थांबला. हातातलं फडकं घडी करून त्यानं पेटीवर ठेवलं. दोन्ही रिक्षावाले आता हसत नव्हते. त्यातला एक हळूच रिक्षा सुरू करून निघून गेला. तो का गेला याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

पुढच्या रविवारी कमिटीची बैठक होती. अँब्युलन्सचा विषय आला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मी कुणाचं नाव घेणार नाही.” मग मी कॅम्प दोन, ताडपत्री, आयटीआय आणि पहिल्या रांगेतल्या एका मातेविषयी आदर, एवढ्या सगळ्याचा उल्लेख केला. त्यानंतर कार्ब्युरेटर म्हणजे काय हे सात-आठ मिनिटं समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, आपला माणूस म्हणून आपण कुणाला काम देणार असू तर आपल्यात आणि इतरांत फरक काय? माणसाची किंमत जन्मावरून नव्हे, त्याच्या कामावरून ठरते.

टाळ्या पडल्या नाहीत, बैठक होती. पण माना हलल्या. काम बदलापूरच्या फरशीवाल्या गॅरेजला द्यायचं ठरलं. शेड तूर्त रिकामी ठेवायची ठरली.

मावशी मला दारात भेटली. चपला शोधत होती. “सर,” ती म्हणाली, “माझ्या पोरानं चोरी केली असं तुम्ही कॅम्पात बोलला म्हणत्यात.”

“मावशी, मी नाव घेतलं नाही.”

“नाय, तुम्ही बोलला म्हंजी खरंच असंल. तुम्ही शिकलेलं. मी घरी त्याला लई बोलले. म्हणलं, बाप असता तर झोडपला असता तुला.” मग चप्पल सापडली आणि ती घालताना तिनं माझ्या दंडाचा आधार घेतला. “दोन दिस झालं, घरात जेवला नाय.”

मी तिला म्हणालो, “त्याला सुधारायची संधी आहे.” हे वाक्य मी खरोखर म्हणालो. ते आठवलं की अजूनही मी जिथे असेन तिथे एकदा खाकरतो.

फरशीवाल्या गॅरेजनं नवा, ओरिजिनल कार्ब्युरेटर मागवायचं ठरवलं होतं. तो येईपर्यंत दोन आठवडे जाणार होते आणि गाडीची गुरगुर आता परत उसाशांवर आली होती. तेव्हा मी, वाचणारा माणूस म्हणून, मुंबईच्या फोर्टातल्या फुटपाथवरून गाडीचं एक जुनं इंग्रजी मॅन्युअल आणलं. मॅन्युअल मी तीन संध्याकाळी वाचलं. ‘इंजिन स्लोवर अस्थिर असल्यास’ असं एक प्रकरण होतं. त्यात कार्ब्युरेटर बदला हे सगळ्यात शेवटी होतं. पहिली ओळ अशी होती की चोक ओढून बघा. ओढल्यावर इंजिन शांत होत असेल तर कुठून तरी जास्तीची हवा आत शिरते आहे.

मी पुस्तक मिटलं. बायकोनं विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, काही नाही.

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात मी बॉनेट उघडलं. बायकोला आत बसवलं, इंजिन चालू. गोष्ट सोपी होती. इंजिनानं श्वास घ्यायचा तो कार्ब्युरेटरच्या वाटेनंच. त्याच्या खालच्या नळ्यांमध्ये, इंजिनाच्या ओढीनं, सतत पोकळी असते. तिथे कुठेही भोक पडलं की चोरटी हवा आत जाते आणि पेट्रोल कमी पडतं. वेगात ते कळत नाही. स्लोवर हवा मुळातच थोडी लागते, त्यामुळे तेवढ्या चोरीनंही इंजिन गडबडतं. चोक ओढला की पेट्रोल वाढतं आणि तेवढ्यापुरती भरपाई होते. हे शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही. रबरी नळ्या एकेक करून बोटांनी दाबायच्या आणि आवाज ऐकायचा.

पहिली दाबली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी करंगळीएवढी, कार्ब्युरेटरच्या खालून निघून जाळीच्या बाजूला वळलेली. तिच्या टोकाशी बोट गेलं आणि इंजिन एकदम शांत झालं. बोट काढलं, उसासे. परत दाबलं, शांत.

“बंद केलीत का?” बायकोनं आतून विचारलं.

“चालू आहे.”

“मग आवाज का नाही?”

मी वाकून बघितलं. नळीच्या टोकाला, खालच्या बाजूनं, नखाएवढी उभी चीर होती. ती फाकली होती, कारण नळीला काहीतरी पुढे ओढत होतं. निळा नायलॉनचा दोर. नळीभोवती दोन वेढे, मग गाठ, मग एक टोक रेडिएटरच्या जाळीतून बाहेर गेलेलं आणि तिथे सुरीनं कापलेलं.

बायको खाली उतरून बघायला आली. “ही तर तुमची गाठ.”

“कशावरून?”

“आपल्या घरातली एक पिशवी कात्रीशिवाय सुटते का?”

जयंतीच्या सकाळी तसबीर बॉनेटवर बांधायला तिघं-चौघं पुढे आले होते. मी त्यांना बाजूला केलं होतं. इतरांच्या गाठी ढिल्या असतात, हे माझं जुनं मत. दोर जाळीतून आत घेऊन, जे हाताला लागलं त्याला वेढे देऊन, पाय बंपरला लावून मी तो ओढला होता. मिरवणूक संपल्यावर बाहेरचा दोर कापला आणि आतला राहिला. मग महिनाभर ती गाठ ती नळी ओढत राहिली आणि मी गावभर चोर शोधत राहिलो.

नळीचं फाटलेलं टोक ब्लेडनं अर्धा इंच कापलं आणि उरलेली परत बसवली. पाच मिनिटं लागली. उसासे थांबले. वेग मात्र चढाच राहिला, कारण तो स्क्रू फरशीवाल्यांनी पिळलेला होता.

मग मी फाईल काढली. चिठ्ठी होती. मेकॅनिकचं अक्षर ठसठशीत, शाळेतल्यासारखं. ‘कार्ब साफ केला. कार्ब लोकल आहे, जुना लागलेला आहे. चांगला आहे, बदलू नये.’ सफारीवाल्या गृहस्थांनी मला जे सांगितलं ते तोंडी होतं. यानं लिहून दिलं होतं. मी तोंडी मानलं.

फरशीवाल्या गॅरेजात मी कार्ब्युरेटरची ऑर्डर रद्द करायला गेलो तेव्हा त्यांच्या मिस्त्रीला विचारलं, तो दोर तुम्हाला दिसला नव्हता का? तो म्हणाला, “दिखा था ना, साब. पर हमने हाथ नहीं लगाया. सोचा, पूजा-वूजा का होगा. नींबू-मिर्ची जैसा कुछ.” गेली नऊ वर्षं मी लिंबू-मिरचीविरुद्धही बोलत आलो होतो. ते भाषण वेगळं, पावणेदहा मिनिटांचं.

कॅम्प दोनला मी मंगळवारी गेलो, गर्दी कमी असते म्हणून. हेही लिहून ठेवतो. आरोप करायला मी शनिवारी गेलो होतो.

मेकॅनिक एका टेम्पोचं चाक काढत होता. मला बघून उठला. “नमस्कार, सर,” म्हणाला.

जन्मभर त्यानं मला नमस्कार म्हटलं नव्हतं. नमस्कार आम्ही बँकेत म्हणतो, साहेबाला म्हणतो, अनोळख्याला म्हणतो. मी घशातल्या घशात जयभीम म्हणालो. त्यानं मान हलवली.

“स्लो जरा बघायचाय,” मी म्हणालो.

त्यानं बॉनेट उघडलं. नळीचं ताजं कापलेलं टोक त्याला दिसलं. त्याच्या शेजारी दोराचा एक निळा धागा अडकून राहिला होता, तोही दिसला. त्यानं धागा चिमटीत धरून काढला, माझ्याकडे बघितलं नाही, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मान तिरकी केली. मिनिटाभरात इंजिन इतकं हळू आणि सलग चालायला लागलं की पलीकडच्या दुकानातला शिलाई मशीनचा आवाज ऐकू यायला लागला.

तेव्हा मी बोललो. दोर मी बांधला होता, चिठ्ठी सापडली, माझी चूक झाली. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सर, त्या दिवशी तुम्ही एवढ्या हळू बोलत नव्हता.”

पायरीवरून शेठनं कानाला हात लावला. “क्या बोला साईं? इधर तक नहीं आया.”

मी परत बोललो, मोठ्यानं, हिंदीतून. माझं हिंदी वाईट आहे. माफी मागताना ते आणखी वाईट होतं, क्रियापदं हलतात. शेठनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, “चलो, अच्छा हुआ,” आणि पेपर वर केला.

“मला सांगून काय उपयोग, सर?” मेकॅनिक म्हणाला. “मला माहीतच होतं, मी नाही केलं. आईला सांगा. तिचा तुमच्यावर विश्वास आहे.”

ते वाक्य त्यानं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसती माहिती देत होता.

रविवारी बैठकीत मी विषय मांडला. तयारी करून गेलो होतो. “मागील बैठकीत ज्या प्रकरणाचा ऊहापोह झाला, त्यासंदर्भात काही नवीन तांत्रिक बाबी समोर आल्या असून, काही प्रमाणात गैरसमज निर्माण झाल्याचं दिसून येतं.” सेक्रेटरी लिहून घेत होता. दोघातिघांनी माना हलवल्या. एवढ्यावर भागलं असतं. आमच्याकडे बऱ्याच गोष्टी एवढ्यावर भागतात.

पहिल्या रांगेतून मावशी म्हणाली, “सर, मला समजंना. चोरी केली का नाय केली?”

“मावशी, तेच सांगतोय, गैरसमज...”

“गैरसमज राहू द्या. केली का नाय?”

“नाही केली.”

“मंग गाडी कशानं बिघडली?”

“मी बिघडवली. तसबिरीचा दोर मी बांधला, त्यानं नळी फाटली. त्यानं मला बरोबर विचारलं होतं, मी त्याला बघू दिलं नाही. कार्ब्युरेटर आधीपासून लोकल होता, त्यानं तसं लिहून दिलं होतं. मी वाचलं नाही.”

यात थांबायच्या जागा नव्हत्या. मावशीनं पदर सारखा केला. “आस्सं,” ती म्हणाली. मग शेजारणीकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “आन् मी पोराला चोर म्हणलं.” माझ्याकडे तिनं बघितलं नाही, रागावलीही नाही. उठली आणि घरी गेली, बैठक अर्धी टाकून. ती एरवी शेवटच्या खिरीपर्यंत थांबायची.

अँब्युलन्सचं काम आणि अर्धी शेड मेकॅनिकला द्यायची हे त्याच बैठकीत ठरलं. पावसाळ्याच्या आत तो शेडमध्ये आला. तिथे त्यानं कट्टा बांधला, भिंतीला हत्यारांसाठी फळी ठोकली. पेटी आता जागेवरच असते. माझी गाडी पुढे सहा वर्षं त्यानंच सांभाळली, तिचा स्लो शेवटपर्यंत बिघडला नाही. भेटला की मला नमस्कार म्हणायचा. मी कधी विचारलं नाही.

विहाराच्या इतिवृत्ताच्या वहीत त्या वर्षीचे ते दोन्ही ठराव आहेत. पहिला असा की कार्ब्युरेटरच्या प्रकरणामुळे सदर मेकॅनिककडे अँब्युलन्सचं काम सोपवणं उचित नाही. दुसरा असा की कार्ब्युरेटरबाबतचा आरोप निराधार ठरल्यानं सदर काम त्याच्याकडेच सोपवण्यात यावं. दोन्ही सविस्तर चर्चेअंती एकमतानं मंजूर झाले आणि दोन्हींखाली अकरा सह्या आहेत, त्यातली एक माझी.

अँब्युलन्स डिझेलची होती. डिझेलच्या गाडीला कार्ब्युरेटर नसतो.